मिओला रीफ : कुत्र्यांच्या राज्यातले पाहुणे

भारतातून आलेल्या पाहुण्यांना ऑकलंड दाखवायची आपल्या सगळ्यांची यादी ठरलेली असते. स्काय टॉवर, मिशन बे, वन ट्री हिल, जमलंच तर वाइहेकीची बोट, आणि शनिवार-रविवार जोडून रोटोरुआ. या यादीत मिओला रीफचं नाव आम्ही अजून कोणाकडून ऐकलेलं नाही. जागा खरं म्हणजे सुरेख आहे, शहरापासून जवळ आहे आणि तिकीट नाही. पण तिथे कुत्री मोकळी सोडलेली असतात, आणि नेमकं तिथेच आपल्या मंडळींचं घोडं पेंड खातं.

पॉइंट शेव्हलिअर आणि वेस्टमिअर या दोन उपनगरांना जोडणारा मिओला रोड आहे. मोटॅट संग्रहालयाचा विमानांचा विभाग याच रस्त्यावर. तिथूनच समुद्राच्या बाजूला एक हिरवी पट्टी वाइटेमाटा बंदरात घुसलेली दिसते, तीच ही जागा. या पट्टीची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. सुमारे अठ्ठावीस हजार वर्षांपूर्वी थ्री किंग्जचा ज्वालामुखी फुटला. म्हणजे आपण सँडरिंगहॅमला कोथिंबीर आणि ढोकळ्याचं पीठ घ्यायला जातो, त्याच्या जवळच. तो लाव्हा ओढ्याच्या पात्रातून वाहत जवळजवळ दहा किलोमीटर आला आणि इथे थिजला. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा फार खाली होता. पुढे पाणी चढलं आणि लाव्हाची जीभ बंदरात अर्धी बुडून राहिली. माओरी भाषेत तिला ते टोकारोआ, म्हणजे लांब खडक म्हणतात. पातुपाइआरेहे नावाच्या, उजेड न सोसणाऱ्या लोकांनी शत्रूपासून पळताना बंदर ओलांडण्यासाठी रातोरात हा बांध घालायला घेतला आणि काम पुरं होण्याआधीच सूर्य उगवला, अशी कथा आहे. आपल्याकडच्या मंडळींना ही कथा सांगितली की हमखास रामसेतू निघतो.

या रम्य इतिहासात मधला एक अध्याय कचऱ्याचा आहे. १९७६ पर्यंत शहराचा कचरा इथे टाकला जात असे. नंतर वर माती घालून गवत वाढवलं, आणि आज त्या गवतावर कुंपण घालून कुत्र्यांना मोकळं धावायला जागा दिलेली आहे. दोन्ही बाजूंना खाड्या आणि तिवरांची झाडी, समोर पाणी, उजव्या हाताला हार्बर ब्रिज. पावसाळी हिवाळ्यात चिखल मात्र असा होतो की कोकणातली लावणी आठवावी. गमबूट घालून जा.

आता भीतीबद्दल. ही भीती आपण हौसेनं बाळगत नाही, ती सुटकेसमध्ये भरूनच आलेली असते. रात्रीच्या शेवटच्या गाडीनं उतरून घरी चालत जाताना चौकातली आठ-दहा कुत्री मागे लागल्याचा अनुभव आपल्यापैकी किती जणांना नसेल? आणि चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं, ही धमकी ऐकतच आपली पिढी मोठी झाली. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली, पण चौदाचा आकडा काही डोक्यातून जात नाही. न्यूझीलंडमध्ये रेबीज नाही. हे एक वाक्य सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावं, असं आमचं मत आहे. नाहीतर होतं असं की, शेजारच्या घरातलं कुत्रं फाटकाआडून भुंकतं, आई फिरायला जाणं बंद करतात, आणि सहा महिने टीव्हीसमोर काढून परत जातात.

भीती एक वेळ कमी होते. सवयी मात्र जास्त चिवट असतात, आणि इथे त्याच नडतात. भारतातल्या रस्त्यावर कुत्रं अंगावर आलं तर आपण काय करतो? नुसतं खाली वाकतो. दगड उचलण्याचा आव आणला की चौकातलं कसलंही कुत्रं शेपूट घालून पळतं. मिओलाच्या कुत्र्यानं जन्मात कधी दगड खाल्लेला नाही. माणूस वाकला की तो चेंडू उचलून फेकणार, एवढंच त्याला ठाऊक. त्यामुळे आजोबा वाकले की ते पळून जाण्याऐवजी दुप्पट वेगानं त्यांच्याकडे येतं. तीच गत छत्री उगारण्याची, आणि तीच "हड् हड्" करत हात झटकण्याची. आपण हाकलतोय असं आपल्याला वाटतं, त्याला वाटतं खेळ सुरू झाला. कुत्रं लाजाळू किंवा तापट असेल तर उगारलेली छत्री त्याला खरोखरच हल्ला वाटू शकते.

मग करायचं काय? काहीच नाही. जागेवर उभं राहायचं, हात अंगालगत, नजर त्याच्या डोळ्यांत न घालता बाजूला, तोंड बंद. ते येतं, बूट हुंगतं, आपल्यात काही राम नाही असं त्याच्या लक्षात येतं आणि निघून जातं. मुलांना इथे शाळेत "झाडासारखं उभं राहा" असं शिकवतात. कुत्र्यानं पाडलंच तर गुडघे पोटाशी घेऊन, मान आणि कान हातांनी झाकून दगडासारखं पडून राहायचं. झाड आणि दगड, दोनच शब्द. नातवंडांनी आजी-आजोबांना शिकवावेत, त्यात दोघांनाही मजा येते. धावायचं मात्र अजिबात नाही. धावणाऱ्या वस्तूमागे धावणं हा कुत्र्याचा धर्म आहे, आणि किंचाळत धावणारं पाच वर्षांचं मूल त्याला सशासारखंच दिसतं.

आमच्याकडे आई-बाबा आले तेव्हा पहिल्या दोन-तीन खेपांना आम्ही त्यांना कुंपणाच्या आत नेलंच नाही. बाहेर वीस-पंचवीस मिनिटं उभं राहून नुसतं बघायचं. बाबा साताऱ्याचे, शेतावर कुत्री पाहिलेले. त्यांनी बाहेरूनच शेरे मारायला सुरुवात केली. "अरे, हा बघ शेपूट हलवतोय, म्हणजे गरीब असणार." आता हे अर्धसत्य आहे. सगळं अंग सैल, कंबरेपासून मागचा भाग लचकत असेल तर खुशाल समजा की स्वारी खुशीत आहे. पण अंग ताठ, शेपूट वर उभारलेली आणि नुसतं टोक थरथरतंय, तोंड मिटलेलं, असं असेल तर त्या शेपटीचा अर्थ वेगळा. पुढचे दोन पाय जमिनीला टेकवून, बूड वर करून वाकलं तर ते "चल, खेळू या" असं म्हणतं. वारंवार ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघणं, म्हणजे "मला जरा एकटं सोडा". तिसऱ्या खेपेपर्यंत बाबा कोणती दोन कुत्री भांडणार ते आधीच सांगू लागले. चौथ्या खेपेला आई आपणहून म्हणाल्या, "चला, आत जाऊ या की."

आत जाताना फाटकाची शिस्त पाळायची. कुंपणाच्या बागांना बहुतेक ठिकाणी एकामागे एक दोन दारं असतात, विमानतळावर असतात तशी. पहिलं दार मागे लावून घेतल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दार उघडं राहिलं आणि एखादं कुत्रं रस्त्यावर मोटारीखाली गेलं तर ती माणसं तुम्हाला जन्मभर विसरणार नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. फाटकापाशी घोळका करून गप्पा मारत उभं राहू नये. नवं कुत्रं आत येतं तेव्हा सगळी त्याला हुंगायला धावतात आणि बहुतेक बाचाबाची तिथेच होते. आत आलात की चालू लागा.

ज्यांनी स्वतः कुत्रं पाळलं आहे (आणि आपल्या मुलांच्या हट्टापायी ही संख्या दरवर्षी वाढते आहे) त्यांच्यासाठी थोडं अधिक. आमचा मोती लॅब्रॅडॉरच्या वळणाचा. किवी लोक त्याला "मोडी" म्हणतात आणि तो त्यालाही ओ देतो. कुत्र्याचा पट्टा आत गेल्यावर सोडायचा, पण तो हातात किंवा खिशात हवाच. मोकळं सोडायच्या जागेतसुद्धा पट्टा जवळ बाळगणं कायद्यानं सक्तीचं आहे, नसला तर शंभर डॉलर दंड. सगळी मोकळी आणि एकटं आपलं बांधलेलं, असं मात्र करू नये. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, मग ते दात दाखवतं. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू आणि माजावर आलेली कुत्री घरीच ठेवायची. हाक मारल्यावर येत नसेल तर आधी लांब दोरीवर सवय करा, मग मोकळं सोडा. विष्ठा आपण उचलायची, पिशवी बांधून कचऱ्याच्या डब्यात टाकायची. याबाबत आपल्या काही मंडळींना संकोच वाटतो. ब्राह्मणानं काय करायचं आणि काय नाही यावर एका जेवणावळीत तासभर चर्चा झालेली आम्ही ऐकली आहे! ज्यानं पाळलं त्यानं उचलायचं, एवढाच काय तो इथला शास्त्रार्थ. भांडण जुंपलं तर मधे हात घालू नये. अशा वेळी चावा सहज बसतो आणि चावणारं स्वतःचंही असू शकतं.

खाण्याचा विषय आपल्या लोकांत नाजूक. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, जेजुरीला खंडोबाबरोबर कुत्रं, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज. कुत्र्याला काहीतरी घालावं हा आपला जुना संस्कार. इथे नामदेवांनाही आधी मालकाला विचारावं लागलं असतं. आणि हे नुसतं शिष्टाचारासाठी नाही. बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले चार बेदाणेही छोट्या कुत्र्याला भोवू शकतात. कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणजे कांदाभजी बाद. चॉकलेट तर विषच. शिवाय एकाच्या हातात खाऊ आणि भोवती बारा कुत्री असली की त्यांच्यात मारामारी होणार हे सांगायला ज्योतिषी नको. डबा गाडीत ठेवा. लहान मुलाच्या हातात बिस्किट देऊन आत नेऊ नका, कारण कुत्र्याचं तोंड आणि मुलाचा हात एकाच उंचीवर असतात.

दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावायचा असेल तर मालकाला विचारा, आणि मग कुत्र्यालाही विचारा. म्हणजे बाजूला वळून उभं राहायचं, ते आपणहून जवळ आलं तर हनुवटीखाली किंवा छातीवर खाजवायचं. आपण आशीर्वाद दिल्यासारखा वरून डोक्यावर हात नेतो, तो बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही. पट्ट्याला पिवळी रिबन बांधलेली दिसली तर लांबून जायचं. ते कुत्रं घाबरट किंवा आजारी असतं. तुम्हाला स्वतःला भीती वाटत असेल तर तसं स्वच्छ सांगावं. मालक लगेच बोलावून घेतो. यात कमीपणा काही नाही, आणि कुणी हसतही नाही.

हे सगळं इतक्या तपशिलानं लिहायचं कारण मिओलापासून अगदी जवळच घडलेलं आहे. जानेवारी २००३ मध्ये वेस्टमिअरच्याच कॉक्स बेच्या मैदानात सात वर्षांच्या एका मुलीवर कुत्र्यानं हल्ला केला. तिचा चेहरा फाटला, अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. सारा देश हादरला आणि त्याच वर्षी १९९६ चा कुत्रा नियंत्रण कायदा कडक झाला. कुत्र्यांना मायक्रोचिप बसवणं त्यातूनच आलं, २००६ पासून. पिटबुलसारख्या काही जातींना सार्वजनिक जागी मुसकं बांधणं सक्तीचं झालं. कुत्र्यानं माणसावर हल्ला केल्याचं कोर्टात सिद्ध झालं तर, अगदी अपवादात्मक परिस्थिती नसेल तर, त्याला मारून टाकण्याचा हुकूम निघतो; जखम गंभीर असेल तर मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून फाटकात गोंधळ घालणाऱ्या मुलांना आवरताना आम्ही त्यांना एवढंच सांगतो: तुला चावलं तर तुझे टाके महिन्याभरात निघतील, पण कुत्रं परत येणार नाही.

नोंदणीचंही याच जोडीला. कुत्रं तीन महिन्यांचं झालं की काउन्सिलकडे नोंदवायचं, आणि दर वर्षी १ जुलैला नवी नोंदणी. चुकवली तर तीनशे डॉलर. एवढ्यावरून कुरकुरणाऱ्यांनी १८९८ सालचं होकिआंगा आठवावं. कुत्र्यामागे अडीच शिलिंग कर भरायला तिथल्या माओरींनी होने तोइआ यांच्या नेतृत्वाखाली नकार दिला आणि सरकारनं चक्क सैन्य पाठवलं. माओरी खासदार होने हेके न्गापुआ मध्ये पडले म्हणून रक्तपात टळला. इतिहासात याचं नावच कुत्रा-कराचं युद्ध. आपली मुंबई त्याहून पुढे होती म्हणा. १८३२ मध्ये पोलीस मोकाट कुत्री मारू लागले तेव्हा पारशांनी फोर्टात दंगा केला होता.

इतकं करूनही चावलंच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं चांगली धुवायची आणि लहान वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कुत्र्याच्या दातांच्या जखमा वरून बारीक, आतून खोल असतात आणि पिकतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टर विचारतील. अपघाती दुखापतीचा उपचार एसीसीखाली येतो आणि तो भेटीला आलेल्या आई-बाबांनाही लागू आहे. बऱ्याच घरांत हे माहीत नसल्यानं दुखणं अंगावर काढलं जातं. मालकाचं नाव-पत्ता घ्यावा आणि काउन्सिलला कळवावं. "जाऊ दे, बिचारा शेजारी आहे," हा आपला भिडस्तपणा पुढच्या मुलाला महाग पडतो. मोकाट कुत्री दिसली तरी कळवावं. दक्षिण ऑकलंडमध्ये गेल्या काही वर्षांत तो त्रास वाढला आहे, आणि तिथे आपली बरीच घरं आहेत.

कुंपणाच्या आत धोका माणसांना, तर बाहेर पाखरांना. कुंपण ओलांडून खडकाकडे निघालात तर आधी पाटी वाचा, कुत्रं कुठपर्यंत चालतं ते. ओहोटीला तिथे किनाऱ्यावरचे पक्षी चरायला उतरतात. या देशात जमिनीवर राहणाऱ्या पाखरांना कुत्र्यापासून बचाव करता येत नाही. १९८७ मध्ये नॉर्थलंडच्या वाइटांगी जंगलात एका सुटलेल्या जर्मन शेफर्ड कुत्रीनं, ट्रान्समीटर लावलेल्या चोवीस किवींपैकी तेरा मारले. जंगलातले एकूण पाचशेच्या आसपास मेले असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. एकटी कुत्री, दीड-दोन महिन्यांत. किवीची छाती इतकी नाजूक असते की कुत्र्यानं खेळाखेळात तोंडात धरलं तरी तो मरतो.

कुत्र्यालाही समुद्रावर धोका आहेच. २००९ च्या हिवाळ्यात ऑकलंडच्या किनाऱ्यांवर कुत्री अचानक तडफडून मेली. शोध घेता वाहून आलेल्या करड्या रंगाच्या समुद्री गोगलगायी सापडल्या, आणि त्यांत जपानी फुगू माशात असतं तेच विष. तेव्हापासून वाळूवर काही मऊ, बुळबुळीत पडलेलं दिसलं की मोतीला आम्ही पट्टा लावतो. उन्हाळ्याच्या शेवटी कराकाच्या झाडाखालची केशरी फळंही कुत्र्यांना विषारी असतात, तीही टाळायची.

या जागेचा एक फायदा मात्र आम्हाला आधी कुणी सांगितला नव्हता. आपण इथे दहा-दहा वर्षं राहतो आणि शेजाऱ्याशी हवापाण्यापलीकडे बोलणं होत नाही. मिओलाला रोज तीच माणसं भेटतात. नावं कुणाला माहीत नसतात, सगळे कुत्र्यांच्या नावानं ओळखले जातात. आपल्या वाड्यात "बंडूची आई" असायची, तशी इथे "बेलाची आई" आहे. बाबांना इंग्रजी बोलायचा कंटाळा. पण बेलाच्या आईशी ते चेंडू कसा फेकावा यावर अर्धा तास बोलतात, आणि त्यात बाबांचं मराठी किती आणि इंग्रजी किती हे विचारण्यात अर्थ नाही.

पाहुण्यांना न्यायचं असेल तर कामाच्या दिवशी सकाळी दहा-अकराला न्या. सातच्या आसपास आणि संध्याकाळी पाचनंतर ऑफिसवाल्यांची गर्दी असते, रविवारी तर गाडी लावायला जागा मिळत नाही. ओहोटीची वेळ पाहून निघालात तर आणखी चांगलं. तेव्हा लांब खडकाची काळी रेघ पाण्यातून दूरवर, थेट समोरच्या किनाऱ्याच्या दिशेनं गेलेली दिसते, आणि उजवीकडे बर्कनहेडला १८८४ पासून चालू असलेला चेल्सीचा साखर कारखाना. परत निघताना आतल्या दारापाशी पट्टा लावायचा, मग दार उघडायचं. चिखलाच्या बुटांसाठी गाडीत जुनं वर्तमानपत्र असू द्या.